जोडणीच्या खिडकीतले प्रश्न

माहीममधल्या एका जुन्या इमारतीला किती नंबर असतात? नगर भूमापनाच्या मिळकत पत्रिकेवर तिचा सीएस नंबर असतो, विभाग माहीम. ती नगररचना योजनेत येत असेल, म्हणजे उदाहरणार्थ शिवाजी पार्कच्या बाजूला टीपीएस चारमध्ये, तर फायनल प्लॉटचा नंबर निराळा. महापालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलावर खाते क्रमांक तिसरा. आणि ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीची, भाडेकरूंची, उपकरप्राप्त इमारत असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे चौथा. चार कचेऱ्या, चार टेबलं. इमारत एकच, आणि ती ज्या जागेवर उभी आहे ती जागाही एकच. ही टेबलं नकाशावर आणायची म्हणजे कुणीतरी संगणकासमोर बसून जोडणीची खिडकी उघडतो आणि तीतले प्रश्न एकेक करून भरतो: सर्व्हर कुठला, पोर्ट कुठला (पोस्टग्रेस असेल तर बहुधा ५४३२), डेटाबेसचं नाव, वापरकर्ता, पासवर्ड, मग टेबल कुठलं, त्यात भूमितीचा रकाना कुठला, एसआरआयडी (म्हणजे संदर्भप्रणालीचा क्रमांक) किती, ओळ ओळखण्याची की कुठली. हे काम कारकुनी समजलं जातं. नव्यानं लागलेल्या मुलाला चिठ्ठीवर लिहून देतात आणि तो ते भरतो.

या लेखाचं म्हणणं असं की ही खिडकी कारकुनी नाही. तीतले पहिले काही प्रश्न, म्हणजे सर्व्हर आणि वापरकर्ता, वाचणाऱ्याला विचारणं रास्त आहे. पुढचे प्रश्न, म्हणजे एसआरआयडी, भूमितीचा प्रकार आणि की, वाचणाऱ्याला विचारावे लागत असतील तर डेटाबेस ज्यानं मांडला त्यानं स्वतःचं काम अर्धवट सोडलेलं असतं, आणि जमिनीबद्दलचा निर्णय जमीन न पाहिलेल्या माणसाच्या माउसवर येऊन पडतो. हे म्हणणं तपासून पाहण्यासाठी इथं दोन बाजू समोरासमोर बसवल्या आहेत. एक नगर भूमापनात हयात घालवलेले मोजणीदार, दुसरी भौगोलिक माहितीचा डेटाबेस सांभाळणारी बाई. दोघंही काल्पनिक आहेत. त्यांची मतं मात्र कुठल्याही कचेरीत कानावर पडतील अशी.

मोजणीदार: मॅडम, यंत्राशी आमचं वैर नाही. मोजणीचं ईटीएस मशीन आलं तेव्हा साखळी अडगळीत टाकायला आमचीच माणसं पुढे होती. आक्षेप निराळा आहे. नकाशाचा कागद उलगडला की त्यावर प्रमाण असतं, उत्तर दिशा असते, मोजणीची तारीख असते, मोजणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची सही असते. कर्नल लॉटननं १८६५ ते १८७२ या काळात मुंबई बेटाची मोजणी केली. त्या नकाशांशी आजही भांडता येतं, कारण ते कुणी, कधी आणि कशासाठी काढले हे माहीत आहे. मोजणीची क प्रत पुढे केली की समोरचा गप्प बसतो तो रेषेपेक्षा सहीला बघून. तुमच्या टेबलात तीच हद्द आकड्यांची माळ होऊन पडते. तिला वाटेल तो, वाटेल तिथून, वाटेल त्या सॉफ्टवेअरनं उघडतो आणि रंग भरून भिंतीवर लावतो. त्या भिंतीवरच्या नकाशाचा बाप कोण? त्यापेक्षा प्रत्येक योजनेची एक फाइल करा, शिक्क्यानिशी द्या, नोंदवहीत लिहून ठेवा. कुणाला काय दिलं ते तरी कळेल.

डेटाबेसवाली: साहेब, फाइलवर शिक्का टिकत नाही, अडचण तिथंच आहे. शेपफाइल म्हणतात तिला, पण ती एक फाइल नसते, किमान तीन असतात: आकार एकीत, त्यांची अनुक्रमणिका दुसरीत, माहिती तिसरीत. हे आकार कुठल्या संदर्भप्रणालीत आहेत ते सांगणारी पीआरजे ही चौथी, आणि ती हरवली तरी बाकीच्या तीन बिनबोभाट उघडतात. रकान्याच्या नावाला त्यात दहा बाइटची मर्यादा आहे. देवनागरीचं एकेक चिन्ह यूनिकोडच्या नेहमीच्या मांडणीत तीन बाइट खातं. म्हणजे नुसतं ‘माहीम’ एवढं नाव रकान्याला द्यायचं म्हटलं तरी पंधरा लागतात, ते मावत नाही. मग कुणी इंग्रजी आद्याक्षरांचं काहीतरी कोंबतो आणि दोन वर्षांनी त्याचा अर्थ त्यालाही आठवत नाही. आणि प्रती? कचेरीत एक, वॉर्डात एक, सल्लागाराच्या लॅपटॉपवर एक. प्लॉटची पोटविभागणी झाली की तिन्हींपैकी एकच बदलते. तुमच्या नोंदवहीत फाइल कुणाला दिली ते लिहिलेलं असेल, पण त्यानं पुढे कुणाला दिली ते कसं लिहिणार?

प्रतींबद्दल ती बोलते ते निर्विवाद आहे. मोजणीदारांचा प्रश्न मात्र तिनं अजून घेतलेला नाही: नकाशाचा बाप कोण? कागदावर अर्थ आणि आकार एकाच पृष्ठभागावर असतात, ते वेगळे करता येत नाहीत. डेटाबेसात ते वेगळे होऊ शकतात, आणि बराच काळ ते वेगळेच होते. कॉडनं १९७० मध्ये संबंधांवर आधारलेल्या डेटाबेसची कल्पना मांडली तेव्हा रकान्यात आकडे आणि शब्द असतील एवढंच गृहीत होतं. बहुभुज कसा ठेवायचा याचं सर्वमान्य उत्तर तयार व्हायला नव्वदीचं दशक संपावं लागलं. तेव्हाच्या प्रमाणकानं दोन जादा टेबलं सांगितली: एकात कुठल्या टेबलाच्या कुठल्या रकान्यात भूमिती आहे याची नोंद, दुसऱ्यात संदर्भप्रणालींची यादी. कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरातल्या रिफ्रॅक्शन्स रिसर्च या कंपनीनं २००१ मध्ये पोस्टग्रेसवर पोस्टजीआयएस उभं केलं ते याच आराखड्यावर. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये क्यूजीआयएस लिहायला घेतलं तेही मुळात पोस्टजीआयएसमधले थर लिनक्सवर डोळ्यांनी पाहता यावेत म्हणून. म्हणजे आज जगभरच्या कचेऱ्यांत चालणाऱ्या या सॉफ्टवेअरचं जन्मकार्यच हे: डेटाबेसाला जोडायचं आणि नकाशा वाचायचा.

पण त्या आराखड्यात एक फट होती. भूमितीची नोंद ठेवणारं टेबल खऱ्या टेबलापासून अलग होतं. कुणी नवं टेबल बनवलं आणि नोंद करायला विसरलं, किंवा टेबल काढून टाकलं आणि नोंद तशीच राहिली, की वाचणारं सॉफ्टवेअर एकतर थर शोधू शकत नसे किंवा नसलेला थर दाखवत असे. पोस्टजीआयएसच्या २०१२ मधल्या दुसऱ्या आवृत्तीनं ती फट बुजवली. रकाना बनवतानाच त्याचा प्रकार आणि एसआरआयडी ठरवता येऊ लागला: हा रकाना बहुभुजांचा, प्रणाली ३२६४३. नोंदीचं टेबल आता हातानं भरायचं राहिलं नाही. ते रकान्यांच्या घोषणांवरून आपोआप तयार होतं. ही सुधारणा प्रोग्रॅमरांच्या सोयीची म्हणून सांगितली जाते. तिचं खरं महत्त्व असं की कागदावरचं एकत्व तिनं टेबलात परत आणलं. रकान्याशी न जुळणारी प्रणाली सांगून आकार टाकायचा प्रयत्न केला, तर डेटाबेस तो घेतच नाही. ज्यांनी ही सोय वापरली नाही आणि रकाना नुसता ‘भूमिती’ म्हणून मोकळा सोडला, त्यांचं टेबल क्यूजीआयएसच्या यादीत येतं तेव्हा प्रकार आणि एसआरआयडी यांच्या जागी ‘निवडा’ असं लिहिलेलं दिसतं. दोन टेबलांवर बसलेली दोन माणसं दोन गोष्टी निवडतात आणि एकाच डेटाबेसातून दोन माहीम निघतात.

मोजणीदार: आता तुम्ही मुद्द्यावर आलात. त्या निवडीतच आमचा जीव अडकतो. भारतीय सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे एव्हरेस्टच्या १८३० च्या गोलाभावर बांधलेले. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर लोकांसाठीचे खुल्या मालिकेचे नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वर आले. दोहोंचे अक्षांश-रेखांश एकमेकांचे समजून लावले तर मुंबईत जमिनीवर शंभरेक मीटरचा फरक पडतो. माहीमच्या दाटीत शंभर मीटर म्हणजे गल्ली ओलांडून पलीकडच्या वाडीत. सिटी सर्व्हेची जुनी शीटं तर आणखी वेगळी, फुटांत मोजलेली, क्षेत्र चौरस वारात. ती जगाच्या गोलावर बसवायची तर जागेवर जाऊन पक्क्या खुणा शोधाव्या लागतात: चर्चचा कोपरा, किल्ल्याची भिंत, जुना दगड. तुमचा मुलगा काय करतो? खिडकीत ४३२६, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ चे अक्षांश-रेखांश, निवडतो, कारण यादीत ते सगळ्यात वर असतं.

डेटाबेसवाली: तो चुकतो, मान्य. आणि कसा चुकतो तेही सांगते. पोस्टजीआयएसमध्ये दोन क्रिया आहेत. एक नुसता एसआरआयडी लिहिते, आकड्यांना हात लावत नाही. दुसरी एका प्रणालीतले आकडे गणित करून दुसरीत नेते. डब्यावरचं लेबल बदलून डाळीचा तांदूळ होत नाही, पण निम्मे लोक पहिली क्रिया चालवतात आणि दुसरी झाली असं समजतात. म्हणूनच मी म्हणते की लेबल वाचणाऱ्याच्या हाती देऊच नका. शीट जागेवर बसवण्याचं काम तुमच्या माणसानं करावं, एकदाच करावं, आणि निकाल प्रणालीसकट रकान्यात ठेवावा. मुंबई यूटीएमच्या ४३ व्या पट्ट्यात येते, ७२ ते ७८ रेखांश. त्याचा ईपीएसजी क्रमांक ३२६४३. त्यात सगळं मीटरमध्ये. माहीम पट्ट्याच्या पश्चिम कडेजवळ आहे, तरी १००० चौरस मीटरच्या प्लॉटला चूक येते ती अर्ध्या चौरस मीटरच्या आसपास. हाच प्लॉट वेबवरच्या नकाशांच्या ३८५७ मध्ये मोजला तर सुमारे ११२५ चौरस मीटर भरतो, कारण ते प्रक्षेपण विषुववृत्तापासून जितकं दूर जाल तितकं ताणतं. आणि ४३२६ मध्ये मोजला तर उत्तर चौरस अंशांत येतं: दशांश चिन्हानंतर सात शून्यं, मग ८५८. तो आकडा पाहून निदान शंका तरी येते. ३८५७ चा आकडा अगदी खराखुरा दिसतो, म्हणून तो जास्त घातक.

तिचा हा शेवटचा मुद्दा तांत्रिक वाटतो, पण भावाचा हिशेब चौरस फुटांत करणाऱ्या शहरात तो पैशाचा आहे. बारा टक्क्यांची वाढ कुणाच्याही डोळ्यांवर येत नाही. चटईक्षेत्र काढताना ती सरळ गुणाकारात जाते. माहीमच्या खाडीचं उदाहरण याहून बोलकं आहे. किनारा नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत भरतीचा परिणाम होणाऱ्या खाडीच्या काठाशी १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांत जे कमी असेल तेवढी पट्टी धरली होती. २०१९ च्या अधिसूचनेनं ते १०० मीटर ५० वर आणलं. कागदी नकाशांवर हा बदल म्हणजे पुन्हा आखणी. भरतीची रेषा डेटाबेसात असेल, मीटरच्या प्रणालीत असेल, तर एका आज्ञेत नवी पट्टी मिळते आणि तिच्यातून बाहेर पडलेल्या इमारतींची यादीही. पण तीच रेषा ४३२६ मध्ये असेल आणि आज्ञेत निष्काळजीपणे ५० लिहिलं, तर सॉफ्टवेअर ते ५० अंश समजतं. माहीमच्या खाडीची किनारपट्टी मग पश्चिमेला चाडच्या वाळवंटापर्यंत आणि पूर्वेला फिलिपिन्सच्या समुद्रापर्यंत पसरते. ही चूक हास्यास्पद असल्यामुळे पकडली जाते. तिच्याच कुळातली दुसरी चूक अक्षांश आणि रेखांश यांच्या क्रमाची. प्रमाणकांच्या काही आवृत्त्या ४३२६ मध्ये अक्षांश आधी मागतात, काही सॉफ्टवेअरं रेखांश आधी देतात. उलटापालट झाली की उत्तर १९ आणि पूर्व ७२.८ वर असलेलं माहीम उत्तर ७२.८ आणि पूर्व १९ वर जाऊन पडतं, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाच्या दक्षिणेला, आर्क्टिकच्या थंड पाण्यात. तिथं कोळीवाडा दिसला की कुणालाही कळतं. शंभर मीटरची किंवा बारा टक्क्यांची चूक तशी ओरडत नाही, आणि म्हणून एसआरआयडी हा खिडकीत विचारायचा प्रश्न असता कामा नये. तो रकान्यावर कोरलेला हवा.

मोजणीदार: कोरला, ठीक. पण कोरलेलं चुकीचं असलं तर? तुमच्या एका टेबलातून वीस जण वाचतात, म्हणजे एक चूक वीस ठिकाणी जाते. आमच्या वेळी चूक एका शीटवर राहत असे. मुंबईच्या विकास आराखड्याचंच बघा. २०१५ च्या फेब्रुवारीत मसुदा आला, सगळा संगणकावर केलेला. वारसा इमारती, प्रार्थनास्थळं, राहती घरं, कशावर काय रंगवलं होतं ते सगळ्या शहरानं पाहिलं. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो दुरुस्तीसाठी परत पाठवावा लागला. अंतिम आराखडा मंजूर व्हायला २०१८ उजाडलं.

डेटाबेसवाली: त्या मसुद्यात जागेवर असलेलं आणि नकाशावर असलेलं जुळत नव्हतं. ते जोडणीचं पाप नव्हे, भरणाऱ्याचं. पण तुम्हीच सांगा साहेब, ती चूक कशानं पकडता आली असती? मुंबईत वारसा इमारतींची प्रतवार यादी १९९५ पासून आहे. ती यादी बिंदूंच्या टेबलात असती आणि जमीनवापर बहुभुजांच्या टेबलात, दोन्ही एकाच प्रणालीत, तर ‘वारसा यादीतला प्रत्येक बिंदू कुठल्या रंगात पडतो’ हा प्रश्न प्रसिद्धीच्या आधल्या संध्याकाळी विचारता आला असता. वेगवेगळ्या फाइलींना तो विचारता येत नाही असं नाही, पण विचारण्याची तसदी कुणी घेत नाही.

इथं मोजणीदारांच्या बाजूनं थोडं बोललं पाहिजे. चूक वीस जणांपर्यंत जाते हे खरं, आणि ‘मध्यवर्ती’ या शब्दाला सरकारी भाषेत जी आपोआप पवित्रता येते तिच्याकडे संशयानंच पाहायला हवं. मात्र त्यांच्या तुलनेत एक गोष्ट निसटली. शीटवरची चूक एका शीटवर राहत होती याचं कारण ती कुणाला दिसतच नव्हती. २०१५ चा मसुदा नागरिकांनी महिन्या-दीड महिन्यात फाडून काढला तो संगणकावर आल्यामुळे, आपापली गल्ली ज्यानं त्यानं उघडून पाहिल्यामुळे. वीस वाचक म्हणजे चुकीचे वीस वाहक, तसेच वीस तपासनीस. अट एवढीच की वीसही जण एकच गोष्ट पाहत असावेत. प्रत्येकानं आपापल्या खिडकीत आपापली प्रणाली निवडली असेल तर चूक टेबलात आहे की खिडकीत, याच्याच भांडणात दिवस जातात.

मोजणीदार: आणि तुमची ती की? माहीमच्या इमारतीला चार नंबर, हे तुम्हीच मघाशी ऐकलंत. सीएस नंबर आणि फायनल प्लॉट एकास एक बसत नाहीत. योजना राबवताना जुने तुकडे मोडून नवे पाडले, तोच तर योजनेचा हेतू. एका फायनल प्लॉटात दोन सीएस नंबरांचे भाग, एका सीएस नंबरावर तीन इमारती, एका इमारतीला दोन कर खाती. यातला कुठला नंबर तुम्ही की म्हणून लावणार?

डेटाबेसवाली: यातला एकही नाही. प्रत्येक टेबलाला स्वतःची, अर्थ नसलेली, न बदलणारी पूर्णांकाची की. सीएस नंबर, प्लॉट नंबर हे साधे रकाने. त्यांची एकमेकांशी सांगड घालणारं टेबल वेगळं, आणि सांगड कुठल्या आदेशानं, कुठल्या तारखेला घातली तेही त्यात.

उत्तर बरोबर आहे, पण घाईनं दिलेलं आहे, कारण अडचण तिच्या पुढच्या पायरीवर येते. चार टेबलं जोडून दाखवणारा एक व्ह्यू बनवतात आणि नकाशाचं सॉफ्टवेअर टेबलाऐवजी तो व्ह्यू वाचतं. व्ह्यूला स्वतःची प्रायमरी की नसते. क्यूजीआयएस मग विचारतं: ओळ कशावरून ओळखू? वाचणारा यादीतला पहिला रकाना निवडतो, समजा सीएस नंबराचा. एका सीएस नंबरावर तीन इमारती असतील आणि की एकमेव आहे का याची तपासणी बंद असेल, तर तीन ओळींना एकच ओळख मिळते. नकाशावर इमारतीवर टिचकी मारली की शेजारच्या इमारतीची माहिती उघडते, तक्त्यात एखादी इमारत दोनदा येते, एखादी गायब होते. सॉफ्टवेअर कुठेही लाल अक्षरात काही म्हणत नाही. उपकरप्राप्त इमारतीच्या बाबतीत याचा अर्थ असा की १९४० च्या सप्टेंबरपूर्वीची अ वर्गातली इमारत क वर्गातली म्हणून वाचली जाऊ शकते, आणि पुनर्विकासाच्या फायलीत वर्गाला काय वजन आहे हे माहीमच्या भाडेकरूंना कुणी सांगायला नको. उपाय साधा आहे: व्ह्यूतच खात्रीनं एकमेव असा क्रमांक द्यावा, तो पहिला ठेवावा, आणि व्ह्यूमधल्या भूमितीवर प्रकार आणि एसआरआयडी पुन्हा स्पष्ट लिहावा, कारण गणित करून आलेल्या भूमितीत ती घोषणा अनेकदा गळून पडते. एसआरआयडीबद्दल जे म्हटलं तेच इथंही लागू पडतं. प्रश्न विचारला जातोय म्हणजे उत्तर वर कुठेतरी द्यायचं राहिलंय.

वेगाचा मुद्दा थोडक्यात. भूमितीवर इंडेक्स नसेल तर नुसतं कॅडेल रोडवर झूम केलं तरी सॉफ्टवेअर सगळ्या शहराच्या ओळी चाळत बसतं. गटमन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या आर-वृक्षाच्या कुळातला इंडेक्स असेल तर पडद्यावरच्या चौकटीला छेदणारेच आकार येतात. हेही डेटाबेसाच्या बाजूचंच काम. वाचणाऱ्याच्या खिडकीतल्या ‘अंदाजित माहिती वापरा’ या खुणेनं यादी लवकर उघडते एवढंच.

मोजणीदार: बरं, वाचणाऱ्याकडून सगळे प्रश्न काढून घेतलेत. मग उरलं काय? वापरकर्ता आणि पासवर्ड. आणि तुमच्याकडे तो एकच असतो, सगळ्यांना ठाऊक, भिंतीवर चिकटवलेला. आमच्या रेकॉर्ड रूमच्या किल्लीची तरी सही घेत होतो.

डेटाबेसवाली: हा टोला मी निमूट खाते. नकाशाच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये पासवर्ड साठवू दिला की तो साध्या अक्षरांत त्यात पडतो, आणि ती फाइल ईमेलनं फिरते. मालकाच्याच खात्यानं जोडणी केलेली असेल तर संपादनाच्या पेन्सिलीवर चुकून हात पडला तरी हद्द सरकते. योग्य रीत ठरलेली आहे: वाचनापुरती वेगळी भूमिका, तिला फक्त निवडण्याचा हक्क, तोही ठरावीक टेबलांवर, पासवर्ड प्रोजेक्टमध्ये न ठेवता कूटबद्ध साठ्यात किंवा प्रत्येकाच्या स्वतःच्या सेवा-फाइलीत, आणि कोण कधी जोडला याची नोंद. तुमच्या किल्लीच्या सहीपेक्षा ही नोंद पक्की आहे, पण ती सुरू केलेली असली तर.

म्हणजे सहीचा प्रश्न फिरून आलाच. मोजणीदारांचा सगळ्यात जड आक्षेप कायद्याचा आहे, आणि त्याला बगल देता येत नाही. खाडीकाठची कायदेशीर रेषा ही मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावरची; कुणी आपल्या यंत्रावर पन्नास मीटर मोजून काढलेली पट्टी म्हणजे हद्द नव्हे. मिळकतीची हद्द ही नगर भूमापनानं ठरवलेली. टेबलातला बहुभुज ही तिची प्रतिमा. हे सगळं खरं मानूनही डेटाबेसाविरुद्धचा मुद्दा सिद्ध होत नाही. प्रतिमेनं आपण कशाची प्रतिमा आहोत हे सांगावं, एवढीच मागणी त्यातून निघते. ती पुरी करायला टेबलात जागा आहे. प्रत्येक आकाराच्या ओळीत मूळ शीटचा क्रमांक, मोजणीची तारीख, मोजणी कशानं केली, जागेवर बसवताना किती मीटरची चूक उरली आणि कुणाच्या आदेशानं ही ओळ आली, असे रकाने हवेत आणि ते रिकामे सोडता येणार नाहीत असं बंधन हवं. मोजणीदार ज्याला नकाशाचा बाप म्हणतात तो इथं नोंदवता येतो, आणि कागदापेक्षा बारकाईनं: कागदावर सही सगळ्या शीटची असते, टेबलात ती एकेका हद्दीची असू शकते. शीट जगाच्या गोलावर बसवताना एका कोपऱ्यात अर्ध्या मीटरची आणि दुसऱ्यात दोन मीटरची चूक उरली, तर कागद ते लपवतो. टेबल ते प्रत्येक प्लॉटसमोर लिहू शकतं.

यावर कुणी म्हणेल की एवढे रकाने सक्तीचे केले तर माहिती भरणारा थकेल आणि खोटंनाटं भरेल. काही जण भरतीलही. पण आज ते भरतच नाहीत आणि वाचणारा अंदाज करतो. खोट्या नोंदीला निदान नाव आणि तारीख असते. दुसरा आक्षेप असा की एका सॉफ्टवेअरच्या चौकटीत सगळं कोंडलं जाईल. पण घोषणा रकान्यात असणं हाच त्यावरचा उतारा आहे. प्रकार, प्रणाली आणि की टेबलातच स्पष्ट असतील तर उद्या वाचणारं सॉफ्टवेअर बदललं तरी नवीन माणसाला खिडकीत अंदाज करावा लागत नाही. कोंडी होते ती अर्थ एका कचेरीतल्या एका प्रोजेक्ट फाइलमध्ये अडकला की.

मोजणीदार: एक शेवटचं विचारतो मॅडम. सीएस शीटवरची हद्द आणि योजनेतल्या फायनल प्लॉटची हद्द, दोन्ही तुम्ही टेबलात ठेवल्यात, बापासकट. जागेवर त्यांच्यात हातभर फरक आहे. तुमचा थर उघडला की पहिल्यांदा कुठली दिसते?

डेटाबेसवाली: जी थरांच्या यादीत वर ठेवली असेल ती. ते मी ठरवते, म्हणजे खरं तर आजवर कुणी ठरवायला सांगितलेलंच नाही.

हा प्रश्न मात्र जोडणीच्या खिडकीतून वर सरकवून टेबलात टाकता येत नाही, कारण टेबलाकडे त्याचं उत्तर नाही. दोन मोजण्यांची सरासरी काढून तिसरी हद्द निर्माण करणं तर साफ चूक. तशी हद्द जमिनीवर कधीच नव्हती आणि कुठल्याही कागदावर नाही. कुठली हद्द कशासाठी प्रमाण, हे नगर भूमापन आणि महापालिकेच्या नगररचना विभागानं एकत्र बसून, प्लॉटगणिक नसलं तरी योजनेगणिक, लिहून द्यायला हवं, आणि ते लिहिलेलं आदेशाच्या क्रमांकासकट त्याच टेबलात एक रकाना म्हणून यायला हवं. तो आदेश येईपर्यंत थर उघडताना दोन्ही रेषा दिसाव्यात, सारख्याच जाडीच्या.